थांबवलेली चित्रफीत

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा बोलबाला झाला तो कोडचा. पाठ्यपुस्तके त्यांनी मुलांच्या मातृभाषेतही आणली होती. मला तेच काम अधिक कठीण वाटते.

बी.एड.च्या सरावपाठांसाठी मी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरउतारावरील मुलांच्या वर्गावर जाते. घरी कोड उघडावा, तर फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. म्हणून चित्रफीत वर्गातच दाखवायची. तीत ‘बाष्पीभवन’ हा शब्द सफाईने येतो आणि तितक्याच सफाईने निघून जातो.

मी ती थांबवली आणि विचारले, “पत्र्यावर वाळत घातलेल्या कपड्यांतले पाणी कुठे जाते?”

उत्तरे मराठीत आली, हिंदीत आली, एक भोजपुरीतही आले. “तापलेला पत्राच पाणी पितो,” एक मुलगा ठामपणे म्हणाला. “मग घरात दोरीवर कपडे कसे वाळतात?” मागून एका मुलीने विचारले. चित्रफीत अर्ध्यावरच राहिली. वाद मात्र तास संपेपर्यंत चालला. पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात वापरलेल्या साधनांसाठी रकाना असतो; साधन केव्हा थांबवले, हे लिहायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी दोघी मुली ओले रुमाल घेऊन आल्या. एक त्यांनी खिडकीत टांगला, दुसरा कपाटामागे.