ट्रेमधले कागद

आमच्या भिवंडीत पाहुण्याला आधी पाणी विचारतात, मग चहा. अलीकडे तिसरी गोष्ट पाहुणाच विचारतो, ‘‘भाई, पासवर्ड क्या है?’’ पाणी नाही म्हणता येत नाही, तसं मला यालाही कधी नाही म्हणता आलं नाही.

वंजारपट्टी नाक्याजवळ माझं कर सल्ल्याचं लहानसं ऑफिस आहे. पूर्वी कारखान्यांचे मालक कापडी पिशवीत बिलं कोंबून आणीत. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. पुढच्या एप्रिलात राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागलं आणि सूतवाले, कापडवाले, गोदामवाले लॅपटॉप घेऊन यायला लागले. येत, आमच्या वायफायवर जोडून घेत आणि कोपऱ्यातल्या लेसर प्रिंटरवर छापून नेत. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, एनआरसीची धास्ती पसरली, तेव्हा मोहल्ल्यातली मुलं आजोबांचे शाळेचे दाखले स्कॅन करून आणायची. एका दाखल्यावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शैख’. मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. आपला प्रिंटर सगळ्यांच्या उपयोगी पडतो, याचा खरं तर मला थोडा तोराच होता.

तो जुम्याचा दिवस होता. एक सूतवाले शेठ लॅपटॉप उघडून बसले होते. माझ्या मदतनीस मुलानं त्याच वेळी एका लूममालकाचा अर्ज छपाईला सोडला. बँकेचे हप्ते थकले होते. ते कबूल करून मुदत मागणारा अर्ज. तेवढ्यात वीज गेली. आमचा संगणक इन्व्हर्टरवर चालतो, प्रिंटर नाही. लेसर प्रिंटर तापताना एवढी वीज ओढतो की इन्व्हर्टरला ते झेपत नाही. वीस मिनिटांनी वीज आली आणि दोन्ही यंत्रांत अडकून राहिलेलं सगळं एकापाठोपाठ एकाच ट्रेमध्ये येऊन पडलं. शेठना नमाजची घाई. त्यांनी गठ्ठा उचलला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो अर्ज घडी करून परत आणला. ‘‘गलती से आ गया.’’ माणूस प्रामाणिक. पण घडी घालण्याआधी कागद वाचला जातोच. मीही वाचला असता.

सूताचा धंदा उधारीवर चालतो. आज सूत घ्यायचं, कापड विकलं गेलं की पैसे द्यायचे. तिथं कुणाचा हात आखडलाय ही बातमी नोटिशीपेक्षा वाईट. आठवड्याभरात त्या मालकाला बाजारातून निरोप गेला, आता रोख द्या. शेठ कुणाशी काही बोलले, की बातमी दुसरीकडून फुटली, ते मी विचारलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं. मालक आला, खुर्चीत बसला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, ‘‘भाई, कागद तुमच्याकडं होता ना?’’

आमचे अब्बा अर्जनवीस होते. टाईपरायटरचा कोरा कार्बन एकदा वापरला की उजेडाकडे धरून त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. अब्बा गुप्त अर्जाचा कार्बन संध्याकाळी चुलीत घालायचे. अम्मी कुरकुरायची, कार्बन काय फुकट येतो? अब्बा म्हणायचे, अमानत आहे. मला तो चिक्कूपणाच्या उलटा असा काहीतरी विक्षिप्तपणा वाटायचा.

नंतर मी एका जाणकार पोराला बोलावलं. त्यानं पहिल्यांदा स्वतःचा लॅपटॉप जोडून मला आमचंच ऑफिस दाखवलं. प्रिंटर तर होताच, शेजारी गिऱ्हाइकांच्या विवरणपत्रांचं फोल्डरही उघडं. म्हणजे ज्याला पासवर्ड दिला, त्याच्या हाती मी इतकी वर्षं कपाटाची किल्लीच देत होतो! त्यानं पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढून दिलं. त्यावर इंटरनेट मिळतं, पण प्रिंटर दिसत नाही. मग पाहुण्यानं छापायचं कसं? ईमेलनं मागवलं तर त्याच्या कागदाची प्रत आमच्याकडं राहते, पुन्हा तेच. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात. शेवटी प्रिंटरला एक लांब यूएसबी केबल लावून तिचं टोक पाहुण्याच्या खुर्चीपर्यंत आणलं. फाइल त्याच्याच लॅपटॉपवर राहते. ड्रायव्हर टाकण्यात पाच मिनिटं जातात, तेवढ्यात चहा होतो. आमच्या स्वतःच्या छपाईसाठी नवा प्रिंटर घ्यावा लागला. त्यावर जाऊन आकडे दाबल्याशिवाय तो कागद सोडत नाही. आणि वीज गेली की मुलगा आधी संगणकात अडकलेली छपाई रद्द करतो.

केबल पाहून काहींचं तोंड वाकडं होतं. ‘‘हम पे भरोसा नहीं?’’ एकानं तर चहाही घेतला नाही.

तो लूममालक अजून येतो. त्याचं काही छापायचं असलं की उठून प्रिंटरपाशी जाऊन उभा राहतो, शेवटचा कागद हातात येईपर्यंत. मी त्याला बसा म्हणत नाही.