बॅरन बेटावरच्या शेळ्या

आमच्या अम्मी गेली तीस वर्षं बंद खोलीत झोपत नाहीत. लातूरला होतो तेव्हा अंगणात, आणि आम्ही दोघं शिक्षकाच्या नोकरीनिमित्त नांदेडला आल्यापासून इथल्या ओसरीवर त्यांची खाट असते, तीही भिंतीपासून लांब. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीजवळच्या त्यांच्या माहेरी मामूंचं घर कोसळलं. दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली मामू, मुमानी आणि त्यांची दोन्ही मुलं गेली. त्या भूकंपानं सुमारे दहा हजार माणसं नेली. मामूंच्या दारात बांधलेली शेळी तेवढी वाचली. ती अम्मींनी लातूरला आणली आणि मरेपर्यंत सांभाळली.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलं, तेव्हा ज्वालामुखीचा विषय आम्ही त्यांच्यापुढे काढलाच नाही. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी असलेलं बॅरन बेट जहाजातून बघायचं, आणि अम्मींनी त्या दिवशी मुक्कामावर आराम करायचा, असा आमचा बेत. पण आमची सातवीतली लेक मोठ्यानं वाचत बसली: त्या बेटावर माणूस राहत नाही, पण रानटी झालेल्या शेळ्या राहतात.

"बकऱ्या? आगीच्या डोंगरावर?" अम्मींनी विचारलं. मग म्हणाल्या, "मी येणार."

पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, जहाज रात्री निघालं. बेट सुमारे 135 किलोमीटर दूर. अम्मी रात्रभर डेकवरच्या बाकावर बसून होत्या. फजरची नमाज त्यांनी तिथेच बसून अदा केली. उजाडलं तसे पाण्यातून उडणारे मासे दिसू लागले, थोड्या वेळानं डॉल्फिनही आले. लेक टाळ्या वाजवत होती. आणि समोर समुद्रातून उभा राहिलेला काळा डोंगर.

बेटावर उतरायला परवानगी नाही. जहाज लांबूनच संथपणे फिरतं. बेटाची उंची जेमतेम 354 मीटर, पण त्याचं बूड समुद्राच्या तळाशी, फार खोल. एका बाजूला राखेचे काळे उतार, वर धुराची बारीक रेघ, दुसऱ्या बाजूला गर्द झाडी. झाडीवरून पांढरी कबुतरं उडत होती. 1787 मध्ये इथल्या उद्रेकाची पहिली नोंद झाली. पुढे दीडशेहून अधिक वर्षं डोंगर शांत राहिला आणि 1991 मध्ये पुन्हा पेटला. 1993 मध्ये शास्त्रज्ञ पाहणीला आले, तेव्हा पूर्वी नोंदलेल्या 16 जातींपैकी फक्त 6 जातींचे पक्षी त्यांना दिसले. शेळ्या मात्र जुन्या काळी जहाजवाल्यांनी सोडलेल्या. धनी निघून गेले, त्या राहिल्या.

लेकीनं विचारलं, "आपल्याकडे का नाही ज्वालामुखी?" आम्ही सांगितलं, होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला महाराष्ट्र घडला. लातूरचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हाच. भूकंप मात्र ज्वालामुखीनं झाला नव्हता. जमिनीच्या पोटातल्या खडकांवर ताण साठत जातो, ते अचानक सरकतात आणि वरची जमीन हादरते.

अम्मी ऐकत होत्या, हे आमच्या लक्षातच आलं नाही. त्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, "इसी पत्थर का घर था भाईजान का."

आम्ही गप्प झालो. तेवढ्यात लेक ओरडली, "दादी, ते बघा, उतारावर दोन ठिपके हलले!" अम्मींनी तिच्या हातातली दुर्बीण घेतली. बराच वेळ डोळ्याला लावून ठेवली. जहाज वळलं, उतार दिसेनासा झाला, तरी खाली ठेवली नाही. मग म्हणाल्या, "हैं."

आम्हाला काहीच दिसलं नव्हतं. शेळ्या होत्या की दगड, ते आम्ही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर त्या लेकीला मामूंच्या शेळीबद्दल सांगत होत्या. ती दोन मुलं कशी तिच्यामागे पळायची, तिनं एकदा कोणाच्या शाळेच्या वहीची पानं खाल्ली. बोलता बोलता त्यांनी मुलांची नावं घेतली. तीस वर्षांत ती नावं आमच्या घरात कोणी उच्चारली नव्हती.

नांदेडला अम्मींची खाट अजून ओसरीवरच आहे. हल्ली रात्री लेकही तिच्यावर जाऊन बसते, आणि दोघींच्या गप्पा उशिरापर्यंत आम्हाला आत ऐकू येतात.