'होईल' म्हणजे किती?

चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही सप्लायरला विचारा, पार्ट उद्या निघतील का? तो म्हणणार, "होईल." या एका शब्दावर माझं आयुष्य गेलं. समोर कोरियन बुजांगनिम, म्हणजे खातेप्रमुख, वही उघडून बसलेले, शेजारी आपला माणूस रुमालाने मान पुसतोय, आणि मध्ये मी, दुभाषी. मराठी 'होईल' सगळ्यांना पोटात घेतं: खात्री, अंदाज, आशा, भीड, कधीकधी चक्क नकारही. कोरियन क्रियापदाला इतकं पोट नाही. 'द्वेल कॉम्निदा' म्हटलं की मी हिशेब करून होईल म्हणतेय. 'द्वेल कॉत कात्सुम्निदा' म्हटलं की होईलसं वाटतंय, पण सहीला हात लावू नका. 'द्वेदोरोक हागेत्सुम्निदा' म्हणजे मी ते होईल असं बघते, जबाबदारी माझी. 'आन द्वेल रिगा ऑप्सुम्निदा' म्हणजे न होण्याचा प्रश्नच नाही. यातलं त्या माणसाने काय म्हटलं? काहीच नाही. तो 'होईल' म्हणाला. बाकीचं मी म्हणते.

नवशिक्यांना वाटतं, ही खात्रीची चढती शिडी आहे: खाली 'कदाचित', वर 'नक्की'. टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा हा समज पक्का करते. वरच्या स्तराच्या पेपरात वाचन विभागाच्या सुरुवातीलाच, अधोरेखित भागाशी जवळचा अर्थ असलेला पर्याय निवडा, असे दोन प्रश्न असतात. तिथे 'ना ब्वायो', म्हणजे 'तसं दिसतंय', आलं की पोरं डोळे मिटून 'मोयांगियेयो'वर खूण करतात, गुण मिळतात, आणि दोन्ही एकच म्हणून डोक्यात कायमचे शिक्के बसतात. २०१४ साली परीक्षा बदलली तेव्हा व्याकरणाचा वेगळा विभागच गेला. तेव्हा मला आनंद झाला होता. आता वाटतं, निदान त्या विभागापायी पोरं प्रत्ययांशी भांडत तरी होती.

माझ्या मते ती शिडी नाहीच. कोरियन प्रत्यय विचारतो, तुला हे कुठून कळलं? खोलीत बसलेल्या माणसाला बाहेरून भिजलेल्या छत्र्या घेऊन येणारे लोक दिसले, तर त्याने 'पिगा ओना ब्वायो', पाऊस पडतोय वाटतं, असं म्हणावं. तोच माणूस खिडकीशी उभा राहून पाऊस बघत असेल तर हे वाक्य त्याला वापरता येत नाही. खात्री वाढली म्हणून नव्हे. पुरावा बदलला म्हणून. आणि कोरियाच्या टीव्हीवर हवामान सांगणारी बाई उद्याच्या पावसाबद्दल 'पिगा नेरिगेत्सुम्निदा', पाऊस पडेल, असं म्हणते, तिला 'वाटतंय' म्हणून चालत नाही. उद्याचा पाऊस तिनेही पाहिलेला नसतो, पण तिच्या हातात नकाशे आहेत आणि मागे खातं आहे. याच 'गेत' प्रत्ययाने माणूस 'मी करीन' असा निश्चयही सांगतो, आणि 'मला ठाऊक नाही' हे सौम्य करून 'मोरुगेत्सुम्निदा' असंही म्हणतो.

सगळ्यांत गंमत 'थुल्लिमॉप्सुम्निदा'ची. यात चूक असूच शकत नाही, इतकं दणदणीत. पण ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो हे कशाला म्हणेल? गाडी गेटातून गेलेली पाहिलेला वॉचमन म्हणतो, "गेली." न पाहिलेलाच म्हणतो, "नक्कीच गेली असणार." एखाद्याने थुल्लिमॉप्सुम्निदा म्हटलं की मी सावध होते. हा माणूस गोदामात गेलेला नाही.

कारणांचंही तेच. आपलं 'म्हणून' सगळीकडे धावतं. "उशीर झाला म्हणून सॉरी" यात कारण सांगणारा 'निक्का' घातला की माफी मागतामागता तुम्ही भांडायला उभे राहता. तिथे 'सॉ' लावलेलं 'नुजॉसॉ'च हवं. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ट्रक बंद पडला आणि माल आला नाही, तिथे खरी परीक्षा. मी 'गोजांग नासॉ' म्हणू शकते, साधं कारण. 'थासे' म्हणू शकते, म्हणजे दोष ट्रकच्या माथी. किंवा 'गोजांग नानुन पारामे'. पाराम म्हणजे वारा. कुठून तरी अवचित आला आणि घडी विस्कटून गेला, कोणाचा इलाज नव्हता. पारामे म्हटलं की बुजांगनिमचे खांदे किंचित खाली येतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. सप्लायर नुसतं "ट्रक बंद पडला ना मॅडम" म्हणालेला असतो. त्याला वारा मी पुरवते.

सक्तीच्या प्रत्ययांवर लिहिण्यासारखं फारसं नाही. 'केलं पाहिजे', 'करावं लागेल', 'केल्याशिवाय गत्यंतर नाही' हे मराठी माणूस आईच्या पोटातून शिकून येतो. 'हेया द्वेयो' आणि 'हाल सुबाक्के ऑप्सॉयो' त्याला आठवड्यात जमतात.

कुठला प्रत्यय लावायचा, या निवडीचा मला माज होता. समोरचा किती ठाम आहे हे त्याच्या आधी मला कळतं, त्याच्या आवाजावरून, घोट गिळण्यावरून, 'होईल'मधला 'ई' किती लांबला त्यावरून. फोनवर एका कोरियन बाईने मला विचारलं होतं, तुम्ही सोलच्या का? ते वाक्य मी मानधनापेक्षा जास्त जपून ठेवलंय. आमच्यातले काहीजण सुरक्षित खेळायला दिसेल त्या वाक्याला 'कॉत कात्सुम्निदा' जोडतात. ते मला गिळगिळीत वाटतं. पापागो हे अनुवादाचं अ‍ॅपही तसंच करतं, फक्त पटकन. एस्पेरांतो भाषेत या नावाचा अर्थ पोपट. ते बनवणाऱ्या नेव्हर कंपनीने नाव प्रामाणिकपणे ठेवलंय म्हणायचं. निवृत्तीला आलेले एक बुजांगनिम तर सोलमधल्या तरुणांवरच चिडायचे. जेवण तोंडात असताना पोरं 'माशिन्नुन गॉत काथायो', चवदार आहे असं वाटतं, म्हणतात. अरे, चव तुझ्या जिभेवर आहे, 'असं वाटतं' काय? मी जोरजोरात मान डोलावायचे. नंतर घरी भाची म्हणाली, "मला असं वाटतंय की मला भूक लागलीय."

आता कान. माझ्या ऑडिओग्रामची रेघ उजवीकडे उतरत गेलीय. वयाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, त, क असली व्यंजनं पुसट होतात. स्वर ठणठणीत ऐकू येतात, म्हणून माणसाला बहिरेपण कळत नाही, लोकच पुटपुटायला लागलेत असं वाटतं. कोरियन वाक्याचा सगळा निवाडा शेपटात असतो आणि कोरियन माणूस शेपूट गिळतो. त्यात प्रेस शॉपचा धडाका. 'कात्सुम्निदा' आणि 'गेत्सुम्निदा' यांच्यात उरतं काय? एक स्वर, आणि आधीचा अर्धा-मुर्धा 'कॉत'. आता मी ओठ बघते. मास्क लावलेल्या पेंट शॉपमध्ये तेही नाही.

पुस्तकात नियम असतो, 'ना ब्वायो' स्वतःबद्दल वापरू नये. स्वतःचं माणसाला थेट कळतं, पुरावा कशाला? पण वय झालेले कोरियन सर्रास म्हणतात, 'नादो नुल्गॉन्ना ब्वायो', मीही म्हातारी झालेली दिसतेय. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, तो पुरावा. स्वतःकडे शेजाऱ्यासारखं बघायचं. पूर्वी मी हे वर्गात अपवाद म्हणून शिकवायचे, हल्ली डॉक्टरांच्या बाकावर बसून मनात म्हणते.

कानामुळे मी एका विद्यार्थिनीला सोबत न्यायला लागले. ड्रामा बघून शिकलेली पिढी. मला शिक्षिकेसाठीचं रीतसर 'सॉन्सेंगनिम' न म्हणता 'स्सेम' म्हणते. कान वटवाघळाचे. तिची एक खोड मला अजून पचलेली नाही. सप्लायर 'होईल' म्हणाला की ती अनुवाद थांबवते, त्याच्याकडे वळते आणि विचारते, "दादा, नक्की की अंदाजे? मशीनवर चढलंय का?" भर मीटिंगमध्ये! आमच्या काळी दुभाष्याने प्रश्न विचारणं म्हणजे कमीपणा. ती म्हणते, "पण स्सेम, त्याने पाहिलंय की नाही हे मला कसं कळणार?" माझाच सिद्धांत माझ्या अंगावर. बुजांगनिमना ते आवडतं, हे जास्त लागतं.

परवा मात्र दादा तिला पुरून उरला. तिने विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "होईल ना, मॅडम."

ती माझ्याकडे बघायला लागली. या 'ना'चं काय करायचं? परतीच्या गाडीत तोच वाद. ती म्हणते, 'जानायो' लावावं. मी म्हटलं, जानायो म्हणजे समोरच्याला आधीच ठाऊक आहे असं गृहीत धरणं. बुजांगनिमना काय ठाऊक आहे? मग तिने 'द्वेल कॉरानिक्कायो' सुचवलं, म्हणजे "होईल म्हणून सांगितलं ना एकदा!" हे त्यांच्या तोंडावर म्हणून बघ, म्हटलं, पुढची ऑर्डर चेन्नईला जाईल. 'ना' गाळावा, या मताची मी. गाळला तर मग तुम्हीही पापागोच, ती म्हणाली, आणि मोशीच्या सिग्नलला खिडकीबाहेर बघत पुन्हा पुन्हा तेच पुटपुटत राहिली: होईल ना, होईल ना. निदान मला तसं ऐकू आलं.