हाड

आमच्याकडे 'हड्डी' हा शब्द खाटकाच्या दुकानापेक्षा सोयरिकीच्या बैठकीत जास्त ऐकू येतो. मुलगा शिकलेला आहे, कमावतो, नमाजी आहे, सगळं ठरत आलेलं असतं. मग कोपऱ्यात बसलेली एखादी फुफी पानदान सरकवते आणि हळूच विचारते, "सब अच्छा है, मगर हड्डी?" त्यानंतर बैठकीत कुणी बोलत नाही.

आम्ही धुळ्याचे मोमीन. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडची विणकर कुटुंबं पोटासाठी दक्षिणेकडे निघाली. काही बऱ्हाणपुरात राहिली, काही मालेगावात, काही भिवंडीला गेली, काही पांझरेच्या काठी धुळ्यात स्थिरावली. त्यातलेच आमचे पूर्वज. मागाच्या खडखडाटात आम्ही लहानाचे मोठे झालो. लोक पाठीमागे आम्हाला जुलाहे म्हणत. तोंडावर म्हणालं तर भांडण होई. आमच्या आजोबांच्या पिढीने या शब्दावर इलाज शोधला होता. मदिनेत पैगंबरांना आसरा देणाऱ्या अन्सारांशी नातं सांगून विणकरांनी स्वतःला अन्सारी म्हणवून घेतलं. हातातला धोटा तोच राहिला, नाव तेवढं मदिनेचं झालं.

१९८४ साली आमच्या थोरल्या भावासाठी जळगावात एका घरी पैगाम पाठवला. भाई बी.कॉम. झालेला, नोकरीला लागलेला. मुलीच्या वडिलांनी चहा दिला, चिवडा दिला, अब्बांच्या तब्येतीची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "बुरा मत मानना, हमारे यहाँ शेख-सय्यद में ही देते हैं." त्यांनी जुलाहा हा शब्द काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

परतीच्या एस.टी.त अब्बा खिडकीशी बसले होते. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, ते काही बोलले नाहीत. धुळं जवळ आल्यावर ते पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या खुत्ब्याबद्दल बोलू लागले. अरबाला बिगर-अरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर काही श्रेष्ठत्व नाही, असेल तर ते ईशभीतीमुळे. अजान द्यायला काबागृहाच्या छतावर कुणाला चढवलं? हबशी बिलालला. कालपर्यंत जो गुलाम होता त्याला. "हे त्यांना माहीत नाही का?" असं अब्बा पुन्हापुन्हा विचारत होते. तो अपमान आम्ही घरात जपून ठेवला. सणावाराला काढायच्या भांड्यासारखा तो वेळोवेळी काढून आम्ही घासूनपुसून ठेवत आलो.

आता जे सांगायचं ते अवघड आहे.

२००७ साली आमच्या थोरल्या मुलीसाठी पैगाम आला. ती डी.एड. करून जळगावात शिकवत होती. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, यावल तालुक्यातला, स्वभावाने शांत. मुलीने आपल्या आईला सांगितलं होतं की तिची ना नाही. आडनाव होतं तडवी.

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात तडवी भिल्ल राहतात. ते मुसलमान आहेत आणि भिल्लही आहेत. औरंगजेबाच्या काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला अशी सांगी आहे. घरी मराठी बोलतात, डोंगराकडची बोली बोलतात, आणि त्यांच्या लग्नातल्या कैक चाली आमच्या चालींपेक्षा वेगळ्या आहेत. तेवढ्यावरून आम्ही ठरवून टाकलं की ते 'पूरे मुसलमान' नाहीत. आमच्या घरात उर्दू होती, त्यांच्याकडे नव्हती. आमच्या घरातल्या बायका बुरखा घेत, त्यांच्या शेतात राबत. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना विचारायला गेलो. खरं सांगायचं तर विचारायला नाही, आमच्या मनातला नकार त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला गेलो होतो. ते म्हणाले, कुफू जुळत नाही, शरियतमध्ये बराबरी पाहायला सांगितलं आहे. आम्हाला हायसं वाटलं. यावलला निरोप गेला. आमच्या निरोपातही जात नव्हती. "लडकी अभी पढ़ना चाहती है" एवढंच होतं. मुलीचं लग्न दोन वर्षांनी मालेगावात बिरादरीत झालं. ती सुखात आहे. पण त्यानंतर तिने आमच्यासमोर अखेरच्या खुत्ब्याचा विषय कधी निघू दिला नाही.

मग २०१९ चा मे महिना आला. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी जळगावची डॉ. पायल तडवी २२ मे रोजी गेली. जातीवरून छळ झाल्याने तिने जीव दिला असा आरोप तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवला गेला, खटला उभा राहिला. खान्देश हळहळला. आमच्या मोहल्ल्यातही सभा झाली. "अपनी बच्ची थी" असं जो तो म्हणत होता. आम्हीही म्हणालो. घरी परत आल्यावर आमच्या घरातली बाई चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "मरने के बाद अपनी हुई." आम्ही काहीच बोललो नाही. २००७ साली यावलचा तो मुलगा आपला नव्हता, आणि २०१९ साली पायल आपली झाली. मधल्या बारा वर्षांत तडवी बदलले नव्हते. आम्हीही बदललो नव्हतो. फक्त आमच्या मुलीला मागणी घालायला कुणी दारात उभं नव्हतं.

तीन वर्षांनी भाचा अमेरिकेहून ईदला आला. तो नोकरीनिमित्त युटा राज्यात राहतो. तिथे मॉर्मन पंथाच्या लोकांची मोठी वस्ती. रात्री गच्चीवर बसून तो त्यांच्याबद्दल सांगत होता. त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथात, पापामुळे एका जमातीची कातडी काळवंडली अशा अर्थाचा मजकूर आहे. १८५२ साली त्यांचा पुढारी ब्रिगहॅम यंग याने जाहीर केलं की आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पुरोहितपद मिळणार नाही. एरवी त्या पंथात हे पद साध्या श्रद्धावान पुरुषालाही मिळतं. काळ्या कुटुंबांना मंदिरातले सर्वांत मोठे विधीही बंद. हे सव्वाशे वर्षं चाललं. त्याच्या समर्थनासाठी काबीलच्या शापापासून जन्माआधीच्या दोषापर्यंत नाना कहाण्या धर्मपंडितांनी रचल्या. १९७८ साली त्यांच्या अध्यक्षांनी, ईश्वराकडून आदेश झाला असं सांगून ही बंदी उठवली. १९८१ च्या आवृत्तीत ग्रंथातल्या एका ठिकाणचा 'गोरे' हा शब्द जाऊन 'शुद्ध' असा शब्द आला. २०१३ साली त्या पंथाने लेख प्रसिद्ध करून जुन्या साऱ्या कहाण्या नाकारल्या. तरी आजही तिथे वाद चालतो की काळ्या कातडीचा मजकूर शब्दशः घ्यायचा की रूपक म्हणून, आणि बंदी ईश्वराची होती की माणसांची.

आम्ही ऐकून सुखावलो. म्हणालो, "आपल्याकडे हा सवालच नाही. कुराणात असं एक अक्षर सापडणार नाही. सूरह हुजुरातमध्ये तर कौमा आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून केल्याचं सांगितलं आहे, मोठेपणासाठी नव्हे."

भाचा म्हणाला, "मामू, त्यांच्या किताबात आहे म्हणून त्यांना त्याचा जबाब द्यावा लागला. आपल्या किताबात नाही म्हणून आपण कुणालाच जबाब देत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "आपाच्या त्या यावलच्या रिश्त्याचं काय झालं होतं?"

त्या रात्री झोप आली नाही. मौलवीसाहेबांनी सांगितलेला कुफू लिहिलाय तरी कुठे, ते पाहायचं ठरवलं. मालेगावच्या एका जाणत्या आलिमांकडे गेलो. त्यांनी बाराव्या शतकातला 'हिदाया' हा हनफी फिकहचा ग्रंथ काढला. त्यात कुफू आहे. वंश पाहावा, बाप-आजा मुसलमान होते की नाही ते पाहावं, मालमत्ता पाहावी, पेशा पाहावा, अशी चर्चा आहे. हलक्या पेशांची जी उदाहरणं येतात त्यांत शिंगी लावून रक्त काढणारा आहे, कातडी कमावणारा आहे, आणि विणकर आहे. म्हणजे ज्या पानाच्या आधाराने आम्ही तडव्यांना परत पाठवलं, त्याच पानावर आमचं नाव आधीपासून लिहिलेलं होतं.

आलिमसाहेब पुढे जे बोलले ते जास्त टोचलं. वंशाचा हिशेब त्या ग्रंथात अरबांपुरता आहे, अजमींचा वंश त्यात धरत नाहीत. बाप-आजा मुसलमान असले की पुढचं कुणी विचारत नाही, आणि तडव्यांच्या तर कितीतरी पिढ्या झाल्या. इमाम मालिक तर दीनदारीलाच बराबरी मानतात. शिवाय मुलगी आणि तिचा वली राजी असतील तर निकाह पूर्ण दुरुस्त आहे. ग्रंथाने फार तर हरकत घेण्याचा हक्क दिला, हरकत घ्यायची सक्ती केली नव्हती. आणि पैगंबरांनी आपल्या सख्ख्या आतेबहिणीचा, हजरत झैनबचा, निकाह कुणाशी लावला? गुलामीतून मुक्त केलेल्या झैदशी.

म्हणजे नकार शरियतचा नव्हता. आमचा होता. शरियतच्या नावाने आम्ही तो खपवला.

हा रोग आमचा एकट्याचा नाही, जुना आहे. चौदाव्या शतकात दिल्लीच्या झियाउद्दीन बरनीने 'फतावा-ए-जहांदारी'त हलक्या कुळातल्यांना लिहिणं-वाचणं शिकवू नये असा सल्ला सुलतानांना दिला. आमच्या खान्देशावर दोनशे वर्षं राज्य केलेले फारुकी सुलतान आपला वंश हजरत उमर फारुकांपर्यंत नेऊन भिडवत. त्यांच्यातल्या काहींच्या कबरी शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला तापीकाठी आहेत. राज्य मिळालं तरी वंश हवाच होता. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही अश्रफ, अजलाफ आणि अरजल हे थर नोंदले आहेत. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा इस्लाममध्ये जात नाही असं म्हणत त्यांना विरोध करणारेही आमच्यातलेच होते. पण दाखल्याची वेळ आली तेव्हा आम्ही तहसील कचेरीत रांगेत उभे राहिलो. ज्या 'जुलाहा' शब्दावरून लहानपणी मारामाऱ्या केल्या, तोच शब्द यादीत शोधत होतो. सरकारदरबारी जात आहे, सोयरिकीत जात आहे, फक्त मिंबरवर जात नाही.

मॉर्मनांचा एक अध्यक्ष आहे. त्याने एका दिवशी बंदी उठवली. आमच्याकडे तसं पद नाही. कुणी एकजण उठून कुफूचा हा अर्थ आजपासून रद्द म्हणू शकत नाही. आम्ही हे नेहमी अभिमानाने सांगतो की आमच्यात पुरोहित नाही, बंदा आणि अल्लाह यांच्यामध्ये कुणी नाही. मग हिशेबही थेटच द्यावा लागेल. बंदी घराघरांत घातली गेली आहे, तिथेच उठवावी लागेल.

भाचा परत गेल्यावर आम्ही दोघं यावलला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीचे मळे. तो मुलगा आता मुख्याध्यापक आहे, त्याची मुलगी दहावीत. त्याचे वडील खूप थकलेत. आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं. म्हातारा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही निरोपात लिहिलं होतं, पोरीला शिकायचंय. मग शिकली का?"

आम्ही मान खाली घातली. त्यांनी जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

सध्या धाकट्या मुलीसाठी स्थळं पाहणं चालू आहे. छापील बायोडाट्यात नाव, शिक्षण, उंची यांच्याखाली 'बिरादरी' अशी एक ओळ असते. ती ओळ आम्ही कोरी ठेवली आहे. रोज एखादा फोन येतो, "भाईसाहब, एक बात लिखना रह गई शायद."

राहिलेली नाही, असं आम्ही सांगतो. त्यानंतर बरेचसे फोन पुन्हा येत नाहीत. दोन आले आहेत.