हंड्याचा हिशेब

आमच्या चांदूर बाजारच्या घरीं माजघराच्या कोपऱ्यांत एक पितळी हंडा आहे. पाणी आतां नळाचें येतें, तरी दर पोळ्याला तो चिंचेनें घासून उजळतात व त्यांतलेंच पाणी बैलांच्या पायांवर घालतात. हा हंडा आमच्या थोरल्या काकांनीं शंकरपटांत तिसऱ्या क्रमांकाचें बक्षीस म्हणून मिळविला. घरांतील मुलें त्याला "फुकटचा हंडा" म्हणतात. त्याची खरी किंमत दोनच माणसांना ठाऊक होती. त्यांपैकीं काकू गेल्या, उरलों तो मी. गेल्या महिन्यांत घरीं जो प्रसंग घडला, त्यामुळें ती किंमत सांगून टाकणें मला प्राप्त झालें.

शंकरपट म्हणजे काय हें वऱ्हाडांतील वाचकांना सांगावयास नको. पण पुण्यामुंबईकडील भगिनींसाठीं दोन शब्द. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलांची जोडी, तिला हांकणारा एक धुरकरी, आणि समोर सरळ आंखलेली धांव. कमींत कमी वेळांत ती पार करील ती जोडी पहिली. निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो. आमच्या जिल्ह्यांत तळेगांव दशासरचा पट विशेष नांवाजलेला. अलीकडे तेथें स्त्रियांनींही जोड्या हांकल्या आहेत. धूळ उडवीत जोडी सुटली, कीं शांत स्वभावाचा माणूसही उभा राहून ओरडूं लागतो. मीही ओरडलों आहें. तें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं.

काकांना पटाचें वेड होतें. वखराच्या बैलांनीं पट मारतां येत नाहीं, म्हणून १९६४ सालीं त्यांनीं गवळाऊ जातीचा एक चपळ गोऱ्हा विकत घेतला. पैसे कोठून आले हें कोणीं विचारलें नाहीं. आजी मात्र एकदां म्हणाली, "सूनबाई, हात मोकळे कां ग?" काकू म्हणाल्या, "पाटल्या सैल होऊं लागल्या, म्हणून काढून ठेवल्या." पाटल्या चारशें रुपयांना सावकाराकडे गहाण पडल्या होत्या.

चार वर्षें जोडी रिकामी परतली. पांचव्या वर्षीं, १९६८ सालीं, हंडा आला. गुलालानें माखलेले काका हंडा डोक्यावर घेऊन दारांत उभे राहिले, तें दृश्य मी विसरलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं मला हांक मारली. घरचा जमाखर्च त्यांच्याकडे असे आणि गणितांत मी बरा होतों. "पांच वर्षांच्या पटाचा हिशेब मांड. रात्रीं जेवतांना वाचूं," ते म्हणाले.

काकांनीं मला गोठ्यांत बोलावलें. "हें बघ, फी तेवढी धर. ढेप काय, बैल नाहींतरी खातातच." मी सोळा वर्षांचा होतों आणि काका माझे दैवत होते. मीं लिहिलें: प्रवेशफी दरसाल ११ रुपये, पांच वर्षांचे ५५, हंड्याची किंमत ६०, नफा ५ रुपये. पंक्तींत हिशेब वाचला गेला. सगळे हंसले, काकांनीं मिशीवरून हात फिरविला. भाताचें पातेलें घेतलेल्या काकू क्षणभर थांबल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

रात्रीं त्या माझ्याजवळ आल्या. "बाळ, हिशेब छान मांडलास. आतां माझ्यापुरता एक खरा मांड." कंदिलाच्या उजेडांत त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलों. पटाच्या जोडीला वरकड घातलेली ढेप व सरकी, ४८०. धुरकऱ्याची मजुरी आणि धोतर-पागोटें, १५०. गांवोगांव जाण्यायेण्याचा खर्च, ११०. पाटल्यांवरचें व्याज, २४०. प्रवेशफी, ५५. एकूण १,०३५ रुपये. जमा बाजूला एक हंडा. फी म्हणून जी रक्कम मीं ऐटीनें लिहिली होती, ती खऱ्या खर्चाचा सुमारें एकोणिसावा भाग होती. काकूंनीं कागदाची घडी केली व आपल्या पोथींत ठेवली. कोणाला दाखविली नाहीं. पाटल्या पुढें सुटल्याही नाहींत.

आतां गेल्या महिन्याची गोष्ट. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा सुधारित कायदा मान्य केला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी, चाबकाला मनाई, अशा बंधनांत पट पुन्हां भरूं लागले. बक्षिसेंही वाढलीं, कोठें मोटरसायकल, कोठें ट्रॅक्टर. माझ्या पुतण्याला पटाचें वेड वारशानें आलेलें. संत्र्याच्या बागेवर चार लाखांचें कर्ज काढून जोडी घ्यावी, असा त्याचा बेत होता. पटाचें जाहिरातपत्रक माझ्यापुढें धरून तो म्हणाला, "काका, पहिलें बक्षीस बघा तरी! दोन वर्षांत कर्ज फिटेल."

मीं पाटी घेतली. "समजा, दीडशें जोड्या आल्या आणि फी पंधराशें. जमा किती?"

"सव्वादोन लाख."

"बक्षिसें एक्कावन्न, एक्केचाळीस, एकतीस, एकवीस आणि अकरा हजार. बेरीज एक लाख पंचावन्न हजार. उरलेल्या सत्तर हजारांत मांडव, घड्याळ, डॉक्टर. पांच जोड्या हंसत गेल्या. एकशें पंचेचाळीस कशा गेल्या?"

"पण काका, पुष्कळ ठिकाणीं बक्षिसें दाते देतात."

"देतात, आणि तेथें फी थोडी हलकी होते. ढेप हलकी होते का?"

तो हंसला, पण पटलें नव्हतें. म्हणून मीं त्याला दूरदेशचें उदाहरण दिलें. माझी भाची अमेरिकेंत असते. तिच्या पत्रांतून तिकडील बास नांवाचा मासा गळानें धरण्याच्या शर्यतींची हकीकत मला कळली. आमच्या घरांत मत्स्य हा शब्द दशावतारांपलीकडे फारसा उच्चारला जात नाहीं. परंतु हिशेबाला सोवळें नसतें. १९६७ सालीं रे स्कॉट नांवाच्या एका विमाएजंटानें आर्कान्सामधील बीव्हर सरोवरावर अशी शर्यत भरविली. १०६ जण आले, फी शंभर डॉलर; म्हणजे १०,६०० डॉलर स्पर्धकांच्याच खिशांतून जमले. १९७१ सालीं मीड सरोवरावर २४ निवडक जणांची मोठी शर्यत झाली. दहा हजार डॉलरचें एकच बक्षीस, बाकी तेवीस जणांना कांहीं नाहीं. त्याच शर्यतीचें पहिलें बक्षीस २०२४ सालीं तीन लाख डॉलर होतें. मात्र तेथवर पोंचण्यासाठीं हंगामभर हजारों डॉलर फी भरावी लागते. नाव, इंधन, प्रवास निराळाच. ज्यांचें निभतें, त्यांच्यापैकीं पुष्कळांचें नाव-गळ विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातीच्या पैशावर निभतें. एक गोष्ट मात्र मला आवडली: मासा जिवंत राखून पुन्हां पाण्यांत सोडावयाचा, मेलेला आणल्यास वजनांतून कपात. मुक्या जिवाची काळजी तेथेंही नियमांत यावी लागली.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे कोणी उतरूंच नये?"

या प्रश्नाचें उत्तर पाटीवर नव्हतें. त्या रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसलीं असतां मीं काकूंच्या पोथींतील कागद आणला आणि मोठ्यानें वाचला. १९६८ सालीं याच पंक्तींत खोटा हिशेब माझ्या अक्षरांत वाचला गेला होता, हेंही सांगितलें. आवाज थोडा कांपला. मुलें हंड्याकडे पाहूं लागलीं. बऱ्याच वेळानें सूनबाईनें विचारलें, "पाटल्या सुटल्या का हो?"

"नाहीं."

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें बँकेचे कागद परत आणले. पटाचा नाद त्यानें सोडलेला नाहीं, आणि मीं तसें सुचविलेंही नाहीं. घरच्याच बैलांनिशीं तो आसपासच्या जोड्यांच्या गटांत उतरणार आहे. फी त्याच्या स्वतःच्या खर्चांतून. आणि वही सूनबाईच्या हातीं, ढेपेसकट.

काका लबाड नव्हते. बक्षिसाचा आंकडा गांवभर वाजतगाजत फिरतो; फीचा, ढेपेचा व व्याजाचा आंकडा ज्याच्या त्याच्या घरीं, बहुधा एखाद्या बाईच्या मनांत, पडून राहतो. हे दोन आंकडे एका पानावर क्वचित् येतात, म्हणून हंडा फुकटचा वाटतो. जो पैसा गेला तरी घरांत कोणाचे हात रिकामे होणार नाहींत, तेवढाच पटांत घालावा आणि त्याला आनंदाची किंमत म्हणावें. त्याला बियाणें समजूं नये.

काकूंचा कागद आतां पोथींत नाहीं. चौकटींत घालून हंड्याच्या वर, भिंतीला टांगला आहे. येत्या पोळ्याला हंडा घासतांना मुलांना तो वाचून दाखवावयाचा, असें ठरलें आहे.