केमचे पाद्रीबाबा

दर शनिवारी सकाळी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या डॉर्चेस्टरच्या साउथ स्ट्रीटने एक वयोवृद्ध पाद्री चालत येत. अंगात जुन्या घाटाचा ऐसपैस डगला, गुडघ्यापर्यंतची तुमान, बकलाचे जोडे, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात जाडजूड काठी आणि मागोमाग एक छोटं करडं कुत्रं. फुटपाथ असूनही स्वारी चालायची रस्त्याच्या मधून. गावातल्या चव्हाट्यावर सार्वजनिक घड्याळासमोर ते थांबत, खोल खिशातून आपलं जुनं घड्याळ उपसून काढत आणि काटे लंडनच्या वेळेशी काटेकोर जुळवून घेत. हे सगळं कादंबरीकार थॉमस हार्डीने लिहून ठेवलंय, 1886च्या ऑक्टोबरात ‘अथेनियम’ साप्ताहिकात छापून आलेल्या त्यांच्या मृत्युलेखात. माझा जीव त्या घड्याळात अडकलाय. कपडे आजोबांच्या काळातले आणि वेळ मात्र राजधानीची!

हे विल्यम बार्न्स. केम आणि व्हिटकम या शेजारशेजारच्या दोन खेड्यांचे पाद्री, त्याआधी चाळीसेक वर्षं शाळामास्तर, आणि पहिल्यापासून कारागीर. ते कवी होते हे मुद्दामच शेवटी सांगतेय, कारण कविताही त्यांनी कारागिरासारखीच केली.

हार्डीची ‘टेस’ वाचलेल्यांना ब्लॅकमोरचं खोरं आठवत असेल. तिथेच, स्टर्मिन्स्टर न्यूटनजवळच्या बॅगबरमध्ये, 1801 साली ते जन्मले. घरची कुळाची शेती आणि पोरगा नाजूक, हात इवलेसे. हा नांगर काय धरणार, असं घरच्यांना वाटे. गावातल्या एका जाणत्या बाईने मात्र सांगून टाकलं म्हणे, की हा पुस्तकांवर पोट भरेल. पुढे एक वकील शाळेत आला. त्याला कागद उतरवून घ्यायला सुवाच्य अक्षराचा मुलगा हवा होता. गुरुजींनी विल्यमला पुढे केलं. अक्षराने त्याला शेतातून उचललं ते कायमचं.

1818 साली तो डॉर्चेस्टरला कारकून झाला आणि फावल्या वेळात कोरीवकाम करू लागला. तांब्यावर, मग लाकडावर. लाकडी ठशाचं काम उलट्या डोक्याचं असतं. कागदावर जे काळं उमटायला हवं ते शिल्लक ठेवायचं, जे पांढरं राहायचं ते कोरून काढायचं, आणि सगळं चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं फिरवून. कोरणी एकदा निसटली की ती रेघ परत येत नाही. याच गावात घोडागाडीतून उतरणारी सोळा वर्षांची जूलिया माइल्स त्याने पाहिली आणि हीच आपली बायको, असं मनाशी ठरवून टाकलं. तिचे वडील अबकारी खात्यातले अधिकारी. कफल्लक कारकून त्यांना कसा पसंत पडावा? विल्यमने 1823मध्ये शेजारच्या विल्टशरमध्ये मीअर गावी शाळा धरली. लग्न झालं 1827 साली.

पुढे 1835 साली दोघं डॉर्चेस्टरला परतली आणि तिथे शाळा काढली. शाळेच्या शेजारीच एका वास्तुविशारदाची कचेरी होती आणि तिथे उमेदवारी करणारा पोरगा म्हणजे हार्डी. व्याकरणावरून सोबत्याशी जुंपली की हा उठून शेजारी मास्तरांकडे निवाडा मागायला जायचा. मास्तरांचा स्वतःचा अभ्यास कुठवर गेला होता? 1854मध्ये त्यांनी साठाहून अधिक भाषा समोर ठेवून एक व्याकरण लिहिलं. फारसी आणि हिंदुस्थानीही ते शिकले होते. नोकरी-संसार सांभाळत केंब्रिजची पदवी त्यांनी घेतली तेव्हा पन्नाशी आली होती.

रेल्वे आली तेव्हा आखलेला मार्ग पाउंडबरीच्या प्राचीन मातीकोटावर आणि माँबरीच्या वर्तुळाकार बांधावर उठला होता. बार्न्स आणि शेजारच्या फोर्डिंग्टनचे पाद्री हेन्री मूल यांनी आवाज उठवला. शेवटी पाउंडबरीखालून बोगदा गेला, कोट वाचला. याच धडपडीच्या दिवसांत परगण्याचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं, आणि बार्न्स त्याच्या संस्थापकांपैकी एक. खेड्यातल्या माणसाला जुन्याचं प्रेम असतंच. पण ते प्रेम कमिट्यांच्या बैठकांना नेऊन बसवणारे थोडे.

जूलिया 1852 साली गेली. शाळेचा व्यवहार तीच बघायची. ती गेली आणि शाळा उतरणीला लागली. बार्न्स रोजनिशी इटालियनमध्ये लिहीत. पुढची चौतीस वर्षं त्या नोंदींखाली एकच शब्द येत राहिला, ‘जूलिया’, इटालियन वळणाचा. ‘वोक हिल’ नावाची त्यांची एक कविता आहे. विधुर शेतकरी घर बदलतोय, सामान गाडीत भरलंय. मेलेली बायको मागे राहिली असं तिला वाटू नये, म्हणून तो रिकाम्या हवेत हात पुढे करून तिला सोबत घेऊन जातो. भाषा डॉर्सेटच्या गुराख्यांची, आणि ओळींच्या शेवटी गुंफलेला नाद फारसी काव्यशास्त्रातला. वाचताना यातलं काही जाणवत नाही. सांधा दिसला तर सुताराचं काम फसलं म्हणायचं. ‘लिंडन ली’ या गाजलेल्या कवितेत वेल्श पद्धतीचे व्यंजनांचे प्रतिध्वनी आहेत. पुढे संगीतकार व्हॉन विल्यम्सने तिला चाल लावली, आणि ते गाणं म्हणणाऱ्या किती जणांना वेल्श छंद माहीत असेल? 1861मध्ये सौंदर्यावर लिहिलेल्या लेखात बार्न्सनी सगळा भर दिलाय तो नेमकं बसण्यावर. दार चौकटीत बसावं, तसं.

एका ठिकाणी मात्र हा कारागीर चुकला, असं मला स्पष्ट वाटतं. इंग्रजीतले लॅटिन-ग्रीक शब्द हाकलून जुन्या सॅक्सन धातूंपासून नवे घडवायचा त्यांना ध्यास होता. फोटोग्राफला सूर्यठसा, बाबागाडीला ढकलगाडुली, अशा धर्तीचे. आपल्याकडे सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुजले; बार्न्सचे बहुतेक शब्द त्यांच्या पुस्तकातच राहिले. बोलीभाषेतल्या कवितेचा एकेक शब्द कानाने पारखणारा माणूस इथे कानाऐवजी तत्त्वाचं ऐकत बसला.

1862 साली बार्न्सना केमच्या पाद्र्याची जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांचा एक विद्यार्थी हिंदुस्थानच्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिला आला. अशा निकालाने शाळेपुढे पालकांची रीघ लागते. पण शाळा तर आवरायला काढली होती. एका परीने बरंच झालं. केमच्या गवती छपराच्या घरात त्यांना चोवीस वर्षं मिळाली. कवी टेनिसन तिथे येऊन गेला, रोजनिशीकार किल्व्हर्ट येऊन गेला. आणि रविवारी देवळात, ज्यांच्या बोलीत कविता लिहिल्या ते शेतमजूर समोर बसत.

शेवटच्या आजारात अंथरुणावरूनच त्यांनी मुलीला एक कविता सांगितली. संध्याकाळी माणसं घरी परततात तेव्हा बंद होणाऱ्या फाटकाच्या आवाजावरची. लिहून झाल्यावर ते हसले आणि मुलीला म्हणाले, तो फाटकाचा शब्द नीट बघून ठेव, जुन्या सॅक्सनांच्या आल्फ्रेड राजानेही त्याचा उच्चार अस्साच केला असता.