आमची आपत्कालीन पिशवी

माझ्या अंगी दूरदृष्टी आहे, असे माझ्याखेरीज आजवर कोणीही म्हटलेले नाही. बँकेतल्या कारकुनाची दृष्टी फार तर काऊंटरच्या काचेपर्यंत जाते. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात जे झाले, त्याने माझीही झोप उडवली. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि जिला आपण एरवी नालाच समजतो ती नाग नदी लोकांच्या दिवाणखान्यात शिरली. कामठी तिथून पंधरा-सोळा किलोमीटर. आणि आमच्याकडे तर कन्हान, म्हणजे खरीखुरी नदी! पेंच आणि कोलारही तिला इथेच येऊन मिळतात. संकटाने यायचे ठरवलेच, तर त्याला वाटा तीन.

मी लगेच आपत्कालीन पिशवी भरली. टॉर्च, जादा सेल, मेणबत्त्या, काडेपेटी, शिट्टी, दोरी, बिस्किटे, चिवडा, पाण्याच्या बाटल्या, ओआरएसच्या पुड्या, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि प्लास्टिकच्या पाकिटात सगळी कागदपत्रे. यादी दोन प्रतींत केली. एक पिशवीत, एक फायलीत. पिशवी कपाटात वरच्या खणात ठेवून दुहेरी कुलूप लावले. बँकेच्या तिजोरीसारखी एक चावी माझ्याकडे, दुसरी सौ.कडे.

"अहो, पूर आल्यावर आपण दोघं एकदम घरी असलो पाहिजे म्हणजे!" सौ. म्हणाली.

"तेच तर कंट्रोल आहे," मी म्हणालो. कॉमर्स न शिकलेल्या माणसाला हे समजावणे कठीण.

तीन महिन्यांनी मी पिशवीचे ऑडिट केले. सेल भिंतीवरच्या घड्याळाच्या नावे पडले होते. बिस्किटे चिरंजीवांनी उचलली होती. शिट्टी त्यांच्या कबड्डीच्या सामन्यात पंचाकडे वर्ग झाली होती. चिवड्याचा घसारा शंभर टक्के. कागदपत्रे पॅन कार्डासाठी सौ.ने काढली ती परत जमा झालीच नव्हती. शिल्लक फक्त यादी होती, आणि ती मात्र तंतोतंत टॅली होत होती. चाव्या दोन असूनही हे कसे झाले, म्हणाल तर कपाटाची मागची फळी निघते. हे घरात माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होते.

आई हे सगळे खाटेवरून पाहत होती. तिच्या उशाशी एक जुन्या लुगड्याची पोटली असते. लहानपणापासून मी तिची थट्टा करत आलो. "आई, काशीला निघालीस का?" ती हसून गप्प बसायची.

आईचे माहेर मोवाड. नरखेड तालुक्यातले, वर्धा नदीकाठचे. 30 जुलै 1991 ला त्या नदीने गावात दोनशेहून अधिक माणसे नेली. त्यांत माझी मामी होती. मामा झाडावर चढून वाचले. मामी मात्र दारातून पाटल्यांचा डबा आणायला मागे फिरली. मी तेव्हा शाळेत होतो. घरात त्यानंतर हा विषय निघत नसे आणि मलाही तो काढायची अक्कल नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता नाल्याचे पाणी आमच्या गल्लीत चढले. मी जागा झालो तेव्हा उंबरठा बुडाला होता. आईने नातवाला उठवून पाणी आत येण्याआधीच मेन स्विच बंद करायला लावला होता. पोटली काखेत मारून ती शेजाऱ्यांच्या जिन्याच्या पायरीवर उभीसुद्धा होती. मी घोटाभर पाण्यात असताना मला आठवले, "पिशवी!" आणि वळलो.

आईने मागून माझी बनियन धरली. सत्तरी उलटलेल्या हाताची ती पकड मी विसरणार नाही. "काहून मांगं जाऊन राहिला? तुही मामी असंच 'आली' म्हणून गेली होती."

मी मुकाट्याने जिना चढलो.

गच्चीवरच्या खोलीत पोटली सुटली. डब्यात कोरडी काडेपेटी आणि मेणबत्ती, फुटाणे-गूळ, तिच्या गोळ्या, शंभराच्या काही नोटा, मेणकापडात घराचे कागद. शेजारची दोन पोरे फुटाणे खाता खाता झोपली. उजाडेपर्यंत पाणी ओसरले. माझी पिशवी वरच्या खणात कोरडी ठणठणीत होती. आत यादी होती.

पोटलीत एक चिठ्ठीही निघाली. त्यावर 112, डॉक्टरांचा नंबर, मामाचा नंबर, आणि सर्वांत वर माझा.

"आई, माझा कशाला? मी तर घरातच असतो."

"असतो खरा," फुटाणे पुन्हा बांधत आई म्हणाली, "पण तू पिशवीसाठी मांगं फिरणारा माणूस आहे बाप्पा!"

तेव्हापासून आपत्कालीन खाते आईच्या नावावर केले आहे. दर सहा महिन्यांनी फुटाणे आणि गोळ्या बदलायच्या, एवढेच काम माझ्याकडे. कपाटाची कुलपे काढून टाकली. मागची फळी मात्र अजून तशीच निघते.